गाडी मिसिंग मारतेय! (एका जुन्या दुखण्याचा इतिहास)

मंडळी, पुस्तकात ज्याला मिसफायर म्हणतात त्याला आपल्याकडच्या गॅरेजात कुणी मिसफायर म्हणत नाही. "गाडी मिसिंग मारतेय" किंवा "तीनवर चालतेय" म्हटलं की मिस्त्रीला सगळं कळतं. चारपैकी एक सिलिंडर कामचुकारपणा करतोय. गाडी पळत असताना बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही. पण सिग्नलला उभी राहिली की स्टिअरिंग थरथरतं, गिअरची दांडी नाचायला लागते आणि सायलेन्सरमधून येणाऱ्या एकसारख्या फुटफुटीत मध्येच एक 'फस्स' ऐकू येतं. जुनी छोटी गाडी ज्यांच्या घरात होती त्यांना हा आवाज वेगळा सांगायला नको.

आम्ही आयटीवाले आठवड्याचे पाच दिवस बग शोधतो आणि त्याचे पैसे घेतो. त्यामुळे दुसऱ्याच्या धंद्यात बग कसे शोधतात याबद्दल मला जरा जास्तच कुतूहल आहे. या मिसिंगचा छडा लावायच्या पद्धतीला शंभरेक वर्षांचा इतिहास आहे. तो जर्मनीत सुरू होतो, अमेरिकेत वळण घेतो, मुंबईत कुर्ल्याला येतो आणि तिथून आमच्या मुरगूडसारख्या गावात (तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, वेदगंगेच्या काठी) एखाद्या पत्र्याच्या शेडपर्यंत पोचतो. या सगळ्या काळात दुखणं तेच राहिलं. बदलत गेला तो ते ऐकणारा कान. आणि या बदलात कुणाचं तरी बरंच काही गेलं, म्हणून आजचा हा लेख.

आधी थोडं शास्त्र

(कंटाळा येत असेल तर पुढच्या भागावर उडी मारा, मी रागावणार नाही.)

इंजिनाला चार गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल, ठिणगी आणि दाब, म्हणजे कॉम्प्रेशन. चारही योग्य वेळी मिळाल्या की स्फोट होतो. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, साधारण ८५० फेरे मिनिटाला असतात. फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. म्हणजे एक सिलिंडर मिनिटाला ४२५ वेळा, सेकंदाला सुमारे सात वेळा. चार मिळून सेकंदाला अठ्ठावीस. या अठ्ठावीसमधले सात गायब झाले की जो लंगडेपणा येतो तो आपल्याला बुडाखाली जाणवतो.

मग पळताना का जाणवत नाही? एक म्हणजे वेग वाढला की झटके इतके जवळजवळ येतात की एकात एक मिसळून जातात. पण खरं कारण दुसरं आहे. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. इंजिन जेमतेम श्वास घेत असतं. अशा वेळी इनटेक मॅनिफोल्डला केसाएवढी फट पडली आणि तिथून चोरून हवा आत शिरली, तर त्या मुळातच थोड्या हवेच्या मानाने ती चोरी फार मोठी ठरते. मिश्रण पातळ होतं, पेटत नाही. पाय दाबला की हवेचा लोंढाच आत येतो, त्यात ही चोरी कुठल्या कुठे विरून जाते आणि गाडी शहाण्यासारखी पळायला लागते. उलट प्लग किंवा कॉइल कमजोर असेल तर गाडी आयडलला एक वेळ बरी चालेल, पण घाटात लोड आला की धक्के देईल. कारण सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणजे दुखणं *कधी* होतं यावरूनच निम्मं निदान होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ठिणगीची गोष्ट

पेट्रोल इंजिनाच्या सुरुवातीच्या काळात सगळ्यात मोठी डोकेदुखी होती ठिणगी. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत बॅटरी आणि कॉइलची व्यवस्था होती, पण तेव्हाच्या बॅटऱ्या लवकर मान टाकत. मग आला रॉबर्ट बॉश. १८९७ मध्ये त्याच्या कारखान्याने द दियों-बुतों कंपनीच्या एका तीनचाकीवर मॅग्नेटो बसवून दाखवला आणि १९०२ मध्ये त्याचा इंजिनिअर गोटलोब होनोल्ड याने हाय व्होल्टेज मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग तयार केला. बॅटरीची गरजच संपली.

पुढची उडी अमेरिकेत. ओहायो राज्यातल्या डेटन गावात चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरने १९१० च्या सुमारास कॅडिलॅकसाठी नव्याने बॅटरी इग्निशन बनवलं. कॉइलमधून बॅटरीचा करंट वाहू द्यायचा आणि नेमक्या क्षणी दोन छोट्या पॉइंटांनी तो तोडायचा. तोडला की कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उभे राहतात. डिस्ट्रिब्युटर ते पोस्टमनसारखं ज्या त्या प्लगला पोचवतो. बस्स! ही रचना इतकी साधी आणि स्वस्त होती की पुढची साठ-सत्तर वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या तिच्यावर चालल्या. १९५१ मध्ये बंगळूरला बॉशच्या सहकार्याने मायको कंपनी सुरू झाली आणि पुढे 'मायको प्लग' हा शब्द आपल्याकडे घराघरात गेला.

केटरिंगच्या रचनेचा एक गुण मात्र त्याच्याही मनात नसेल: ती *उघडी* होती. प्रत्येक सिलिंडरची वायर वेगळी, डोळ्यांना दिसणारी, हाताने काढता येणारी. त्यातूनच मिसिंग शोधायची जगप्रसिद्ध पद्धत निघाली. इंजिन आयडलला ठेवायचं आणि रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढून बघायची. चांगल्या सिलिंडरची काढली की इंजिन आणखी लंगडतं. मेलेल्या सिलिंडरची काढली तर काहीच फरक पडत नाही. ज्याच्या नसण्याने कुणाला फरक पडत नाही, तोच कामचुकार! (ऑफिसात हा प्रयोग करू नये.)

कुर्ला, पद्मिनी आणि टॅक्सीवाले

आपल्या महाराष्ट्रात ही विद्या घाऊक प्रमाणात कुठे शिकली गेली असेल तर मुंबईत. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही धंद्यांत हात घालणारा हा माणूस. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्या जुळून बाहेर पडल्या, मग फियाटशी करार झाला. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट आणि १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने. १०८९ सीसी, चार सिलिंडर, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, पॉइंट. म्हणजे केटरिंगची रचना जशीच्या तशी.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचं आयुष्य म्हणजे अर्धा वेळ ट्रॅफिकमध्ये आयडलला उभं राहणं. त्यामुळे आयडलची सगळी दुखणी पद्मिनीने आणि तिच्या मिस्त्र्यांनी कोळून प्यायली. पॉइंट जळले? कंडेन्सर बघ. प्लग काळा, कोरडा, काजळी धरलेला? पेट्रोल जास्त जातंय. प्लग तेलकट? रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या गाइड गेल्या. प्लग पांढराफटक? हवा जास्त, पेट्रोल कमी. इंजिनाचा प्लग म्हणजे वैद्यासाठी रोग्याची जीभ. तसा काढून दोन बोटांत धरून बघायचा. पॉइंटमधली फट अर्धा मिलिमीटरच्या आसपास, ती फिलर गेजने मोजायची. ज्याच्याकडे गेज नाही तो काय काय वापरायचा त्याच्या सुरस कथा तुम्हीही ऐकल्या असतील.

ताडदेव आरटीओत २००३ मध्ये नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीला संपली आणि मुंबईच्या रस्त्यांवरून ही टॅक्सी अधिकृतपणे गेली. तेव्हा पेपरांनी गाडीवर खूप लिहिलं. ती गाडी कानाने चालवणाऱ्या मिस्त्र्यांवर मात्र फारसं काही माझ्या वाचनात आलं नाही.

विहिरीवरचं इंजिन आणि कोल्हापूरचा कान

मुंबईत मोटारी होत्या म्हणून मिस्त्री तयार झाले हे ठीक. पण मुरगूडसारख्या गावात, जिथे माझ्या लहानपणीही मोटारी बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या, तिथे ही विद्या आली कुठून? याचं उत्तर मोटारीत नाही, उसात आहे.

आमच्याकडे ऊस, उसाला पाणी, पाण्याला इंजिन. विहिरीवर आणि नदीकाठी ऑइल इंजिनं बसली, गुऱ्हाळाच्या चरकाला इंजिनं बसली. सुरुवातीची इंजिनं विलायती होती. ती बिघडली की पार्ट विलायतेहून येईपर्यंत ऊस थोडाच थांबतो! मग पार्ट इथेच बीड ओतून करायचा. कोल्हापूरच्या उद्योगाचा इतिहास सांगताना म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार ही दोन नावं आधी घेतली जातात. शाळेपेक्षा भट्टीपाशी आणि लेथपाशी जास्त शिकलेली ही माणसं. दुरुस्तीतून सुटे भाग, सुट्या भागांतून अख्खी इंजिनं आणि त्यातून आजच्या शेकडो फाउंड्र्या, असा तो प्रवास. शेजारी औंध संस्थानात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, १९४६ मध्ये खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि आज त्याच कंपनीचा मोठा कारखाना आमच्या कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आहे. वर्तुळ पूर्ण म्हणतात ते हेच असावं.

विहिरीवरचं इंजिन बहुधा एकाच सिलिंडरचं. त्यात कुठला सिलिंडर मेला असा प्रश्नच नाही. पण ते अर्ध्या मैलावरून ऐकू येतं. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या शेतकऱ्याला कळायचं की आपल्या इंजिनाचा ठेका बदललाय, पाणी तुटलंय किंवा डिझेल संपत आलंय. असा कान घेऊन वाढलेली पोरं पुढे ट्रॅक्टरवर गेली, जीपवर गेली, मग छोट्या मोटारींवर. ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनात प्लगची वायर नसते, तर तिथे इंजेक्टरच्या पाइपाचा नट किंचित ढिला करून एकेक सिलिंडर बंद पाडतात. युक्ती तीच.

मुरगूडच्या शेडमध्ये

आता एक प्रत्यक्ष पाहिलेला प्रसंग. माझ्या काकांकडे नव्वदच्या दशकातली एक छोटी गाडी आहे. चार सिलिंडर, कार्बोरेटर. (कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, वयाचा होता. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी करून, ग्रीन टॅक्स भरून ती जपली आहे.) मागच्या दिवाळीत ती आयडलला मिसिंग मारत होती आणि पाय दिला की सुरळीत पळत होती. शहरातल्या एका गॅरेजने प्लगचा नवा सेट आणि नव्या वायरी घालून बिल केलं होतं. मिसिंग जागच्या जागी.

मुरगूडचे मिस्त्री साठीच्या पुढचे. बॉनेट उघडायच्या आधी दोन मिनिटं ते नुसते सायलेन्सरपाशी उभे राहिले. मग म्हणाले, "अण्णा, एकच हाय. एकच शिलिंडर गप हाय, आन् सारखा त्योच हाय. ठोका बगा की, ठरलेला पडतोय."

हे पहिलं निदान, हत्याराशिवाय. ठोका ठरलेला पडतोय म्हणजे दुखणं एकाच सिलिंडरचं. कधी हा, कधी तो असं असतं तर सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टी, म्हणजे कॉइल, पॉइंट, कार्बोरेटर, आधी तपासाव्या लागल्या असत्या.

मग एकेक वायर काढून बघितली. पहिली काढली, इंजिन बसलं. दुसरी, बसलं. तिसरी काढली... काही नाही. चौथी, बसलं. तिसरा गप. आता तिसऱ्याचा प्लग पहिल्याला आणि पहिल्याचा तिसऱ्याला. मिसिंग तिसऱ्यातच राहिलं. वायरींची अदलाबदल. तरीही तिसराच. म्हणजे ठिणगी निर्दोष! (नवा सेट घालून काही का झालं नाही ते इथे कळलं.) मग गेज लावून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन. चारही जवळपास सारखे. म्हणजे व्हॉल्व्ह आणि रिंगाही निर्दोष. चारपैकी दोन गोष्टी बाद. राहिली हवा आणि पेट्रोल; आणि कार्बोरेटर तर चौघांना एकच, मग एकट्या तिसऱ्यालाच पेट्रोल कमी कसं पडेल? उरली हवा.

मिस्त्रींनी तेलाच्या कुपीतून मॅनिफोल्डच्या जोडावर, तिसऱ्याच्या तोंडाशी, चार थेंब सोडले. (इथे पेट्रोल वापरणारे महाभाग असतात. गरम इंजिनावर पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण, कृपा करून नको.) दोन सेकंदांत इंजिन सुरळीत! तेलाने फट बुजली होती. तेल आत ओढलं गेलं आणि पुन्हा फस्स... फस्स... मॅनिफोल्डचं पॅकिंग तिसऱ्यापाशी फाटलं होतं. सगळा खर्च एका पॅकिंगचा आणि दीड तासाच्या मजुरीचा.

हात पुसत त्यांनी मला विचारलं, "काय इंजिनेर, तुमच्यात काय म्हंत्यात ह्येला?"

मी म्हटलं, "मामा, आमच्यात ह्याला आयसोलेट करणं म्हणतात."

"आमच्यात गप करून बगणं म्हंत्यात."

गप करून बघणं! यापेक्षा नेमकं नाव मला अजून सापडलेलं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदल झाला की नाही ते ऐकायचं, आणि जे निर्दोष ठरलं त्याच्याकडे परत वळून बघायचं नाही. आमच्याकडे प्रॉडक्शनला बग आला की एकदम पाच गोष्टी बदलून 'आता चालतंय' म्हणणारे वीर पाहिले की मला ही तेलाची कुपी आठवते.

शिशाची भानगड

पण पॅकिंगऐवजी कॉम्प्रेशन कमी निघालं असतं तर? तर गोष्ट आणखी एका इतिहासाकडे गेली असती, आणि तिथे पुन्हा आपला केटरिंगच भेटतो.

१९२१ च्या डिसेंबरमध्ये केटरिंगच्याच हाताखाली, जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत, थॉमस मिजली याला शोध लागला की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचं एक संयुग, घातलं की इंजिनातली नॉकिंग थांबते. शिशाचा आणखी एक उपयोग नंतर कळला: एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची सीट यांच्यामध्ये त्याचा पातळ थर बसायचा आणि धातूवर धातूची झीज व्हायची नाही. दुसऱ्या बाजूला तेच शिसं धुरातून लहान मुलांच्या रक्तात जात होतं. भारतात १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, त्यासाठी बिनशिशाचं पेट्रोल आलं, आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभरात शिशाचं पेट्रोल बंद झालं. (जगातला शेवटचा देश अल्जेरिया. तिथे ते २०२१ मध्ये थांबलं.)

निर्णय शंभर टक्के योग्यच. पण ज्या जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हची सीट थेट बीडाच्या हेडमध्ये कापलेली असते त्यांची ती गादी गेली. सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची फट कमी होत होत संपते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. लक्षण काय? आयडलला मिसिंग! दिल्लीत झालेला निर्णय गावातल्या मिस्त्रीला असा टॅपेटच्या फटीतून कळतो.

कान बदलला

आता शेवटचा अंक. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. मध्यमवर्गाची पहिली गाडी. तीसुद्धा कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटरवालीच, त्यामुळे मिस्त्र्यांना काही अडचण आली नाही. 'तीनवर चालतेय'चं 'दोनवर चालतेय' झालं इतकंच.

खरा बदल आला तो कोर्टातून. एम. सी. मेहता यांच्या प्रदूषणाच्या खटल्यात २९ एप्रिल १९९९ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात नव्या खाजगी गाड्यांना १ जूनपासून युरो १ आणि १ एप्रिल २००० पासून युरो २ सक्तीचं केलं. कार्बोरेटरने हे पाळणं फार कठीण. वर्षा-दोन वर्षांत छोट्या गाड्यांच्या मागच्या काचेवर 'एमपीएफआय' अशी अक्षरं झळकायला लागली. कार्बोरेटर गेला, इंजेक्टर आले, आणि बॉनेटखाली एक छोटा कॉम्प्युटर बसला: ईसीयू. (बॉशने हे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन १९६७ मध्येच बाजारात आणलं होतं. आपल्याकडे पोचायला तीसेक वर्षं.)

गंमत बघा, या काळात कायद्याचा कानही बदलत होता. १९८९ च्या मोटार वाहन नियमांप्रमाणे पीयूसीत पेट्रोल गाडीचा धूर आयडललाच तपासतात, पण बघायचे फक्त कार्बन मोनॉक्साइड. आता मिसिंग मारणाऱ्या सिलिंडरमधून बाहेर येतं ते *न जळलेलं* पेट्रोल, म्हणजे हायड्रोकार्बन. कार्बन मोनॉक्साइड हे *अर्धवट जळलेल्या*चं लक्षण. म्हणजे एक सिलिंडर मेलेली गाडीसुद्धा पीयूसी पास होऊ शकत होती! ऑक्टोबर २००४ पासून हायड्रोकार्बनचीही मर्यादा आली (जुन्या चारचाकींना १५०० पीपीएम) आणि ही पळवाट बुजली.

पुढचा कान ओबीडी. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीने स्वतःचं मिसिंग स्वतः ओळखणं सक्तीचं झालं. कारण आपल्या बुडाखालची थरथर नव्हे. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो जाळून टाकतं. आपल्याकडे भारत स्टेज ४ बरोबर २०१० मध्ये ओबीडी १ आणि २०१३ मध्ये ओबीडी २ आलं. आता गाडी सांगते: पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०३ म्हणजे तिसरा, पी ०३०० म्हणजे कधी हा कधी तो.

आणि हे ईसीयूला कळतं कसं? क्रँकला एक दातेरी चक्र असतं आणि त्याच्यासमोर एक सेन्सर. एकेक दात जायला किती वेळ लागला ते ईसीयू मोजत असतो. सिलिंडर पेटला नाही की क्रँक क्षणभर मंदावतो. कुठल्या टप्प्यावर मंदावला त्यावरून कुठला सिलिंडर ते कळतं. म्हणजे "ठोका ठरलेला पडतोय". मुरगूडच्या मिस्त्रींनी सायलेन्सरपाशी उभं राहून जे केलं, नेमकं तेच!

मग बिघडलं काय?

बिघडलं ते मधल्या दहा वर्षांत. २००० ते २०१० मध्ये गाड्यांत ईसीयू होता, पण ओबीडीची सक्ती नव्हती. बऱ्याच गाड्यांत प्रत्येक कंपनीची आपली भाषा आणि आपला स्कॅनर, आणि तो कंपनीच्या वर्कशॉपात. जे मिस्त्री कानाने निदान करत होते त्यांच्यासमोर एक काळी पेटी आली, तिला लॉग होता पण तो वाचायची परवानगी नव्हती. डॉक्युमेंटेशन नसलेल्या, सोर्स नसलेल्या सिस्टीमवर सपोर्टला बसवलेल्या माणसाची काय अवस्था होते ते आपल्याला माहीत आहे. वायर काढून बघणंही धोक्याचं झालं. नव्या गाड्यांत असं केलं तर कॉइल किंवा ईसीयू जाऊ शकतो आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं ते वेगळंच. ज्या हातांनी चाळीस वर्षं निदान केलं त्यांना एकदम 'हात लावू नका' ऐकावं लागलं. आज ब्लूटूथचं छोटं यंत्र ऑनलाइन स्वस्तात मिळतं, कोड मोबाइलवर दिसतो. पण ते हातात येईपर्यंत अनेकांनी शटर खाली ओढलं होतं.

आणि कोड तरी काय सांगतो? *कुठला* सिलिंडर ते सांगतो. *का* ते सांगत नाही. उलट कधीकधी दिशाभूल करतो. सिलिंडर पेटला नाही की त्यातला ऑक्सिजन न वापरता बाहेर येतो. सायलेन्सरमधल्या ऑक्सिजन सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे. ईसीयू बिचारा आणखी पेट्रोल सोडतो. प्लग काळे पडतात. आता प्लग बघणारा म्हणणार पेट्रोल जास्त, स्कॅनर बघणारा म्हणणार पेट्रोल कमी, आणि दोघंही चूक. अशा वेळी कोड पुसून, प्लग-कॉइल-इंजेक्टर एकामागोमाग एक बदलत जाणं हाच अनेक ठिकाणचा उपाय असतो. बिल गिऱ्हाईक भरतं. गप करून बघणारा कुणीतरी तिथे उभा असेल तर तो आधी कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावून बघतो: कोड तीनवरून दोनवर गेला तर कॉइल, नाही तर पुढे चला. तीच पद्धत, फक्त पकडीऐवजी मोबाइल.

मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. इलेक्ट्रिक गाडीला तर आयडलच नाही. उभी राहिली की गप्प. म्हणजे काही वर्षांनी हे दुखणंच राहणार नाही, आणि त्यात रडण्यासारखंही काही नाही. शिसं गेलं, धूर कमी होतोय, उत्तमच. पण बॅटरीच्या शंभर सेलमधला एखादा कमजोर पडेल, कुठलासा कनेक्टर गंजेल, आणि स्क्रीनवर एक कोड येईल. तेव्हा पुन्हा कुणाला तरी 'का' शोधावं लागेल.

मुरगूडच्या मिस्त्रींचा मुलगा एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे. चांगली नोकरी आहे, शेडमध्ये तो येणार नाही, यावा असं मिस्त्रींनाही वाटत नाही. त्यांच्याकडे लिहून ठेवलेलं एक पानही नाही. सगळं कानात आणि बोटांत. त्यामुळे वरचा दीड तासाचा हिशोब शक्य तितका जसाच्या तसा इथे उतरवून ठेवला आहे. तुमच्या घरातली जुनी गाडी भंगारात जायच्या आधी एकदा तुमच्या गावच्या मिस्त्रीपाशी आयडलला उभी करा आणि बॉनेट उघडायच्या आधी ते काय ऐकतात ते विचारा.

असो. फार लांबलं. पुढच्या शनिवारी भेटूच.